केसभर चुकीची किंमत

शिंप्याच्या गळ्यात मापाची फीत असते आणि सुताराच्या खिशात घडीची पट्टी. शिंप्याचे अर्ध्या सेंटीमीटरने चुकले, तर शिवणीत कापड दाबून वेळ मारून नेता येते. सुताराचे एखादे सूत इकडेतिकडे झाले, तर रंधा मारता येतो किंवा फटीत पुटी भरता येते. लेथवर काम करणाऱ्या टर्नरला मात्र ही सवलत नाही. त्याचे हत्यार लोखंडावरून एकदा फिरले, की निघालेला कीस परत चिकटत नाही. माप मोठे राहिले तर आणखी एक कट घेता येतो; लहान झाले तर तो तुकडा सरळ भंगारात जातो.

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली असो, नाहीतर राजकोट, लुधियाना, कोइम्बतूर असो. लहान लहान कारखान्यांच्या गल्ल्यांतून मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तयार होत असतात. अशा एखाद्या कारखान्याची २०० नगांची खेप तपासणीत नापास होऊन परत आली, तर पोलादाचे पैसे, विजेचे बिल, कामगारांची मजुरी आणि पुढच्या ऑर्डरचा भरवसा, हे सगळे एकदम बुडते. पुष्कळदा दोष मशीनचा नसतो, पोलादाचाही नसतो. दोष असतो तो माप घेणाऱ्या हाताचा आणि डोळ्याचा. म्हणूनच आयटीआयमध्ये फिटर, टर्नर किंवा मशिनिस्टच्या वर्गात पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या हाती सुरुवातीलाच कॅलिपर दिला जातो. अकरावी शास्त्र शाखेच्या प्रयोगवहीतही तो अगदी पहिल्या पानांत भेटतो. वर्षभराने बहुतेक जण त्याला विसरतात. ज्यांची भाकरी त्याच्यावर अवलंबून असते, त्यांना मात्र तो आयुष्यभर पुरतो.

एका बेअरिंगचा हिशेब

शेतातल्या पाण्याच्या पंपात किंवा पिठाच्या गिरणीच्या मोटरीत शाफ्टला आधार देणारे बॉल बेअरिंग असते. ६२०५ या क्रमांकाचे बेअरिंग जगात कुठेही विकत घेतले, तरी त्याचे आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर आणि रुंदी १५ मिलिमीटर असते. आता त्यात बसणारा शाफ्ट किती जाडीचा हवा? शाळेतल्या गणिताचे उत्तर '२५ मिलिमीटर' असे आहे. कारखान्याच्या ड्रॉइंगवरचे उत्तर तेवढ्यावर थांबत नाही. शाफ्ट फिरणारा असेल आणि भार नेहमीचा असेल, तर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका श्रेणीप्रमाणे त्याचा व्यास २५.००२ आणि २५.०१५ मिलिमीटर यांच्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे कारागिराला मिळालेली सूट फक्त ०.०१३ मिलिमीटरची, १३ मायक्रॉनची. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. केसाचे पाच उभे भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी ही जागा!

शाफ्ट याहून बारीक झाला, तर बेअरिंगची आतली रिंग त्याच्यावर घट्ट बसत नाही. ती हळूहळू घसरत फिरू लागते, शाफ्ट झिजतो, गरम होतो, आवाज येऊ लागतो. शाफ्ट जाड राहिला आणि बेअरिंग ठोकून बसवले, तर आतली रिंग ताणली जाते, गोळ्यांना फिरायला ठेवलेली बारीकशी मोकळीक नाहीशी होते आणि बेअरिंग तापून जाम होते. ऐन उन्हाळ्यात पिकाला पाण्याची गरज असताना पंप बंद पडतो आणि शेतकरी दोष देतो तो मोटरीला. खरी चूक कित्येक महिन्यांपूर्वी, कितीतरी कोस दूर, माप घेताना झालेली असू शकते.

पट्टीच्या शेजारी पट्टी

दोन जबड्यांत वस्तू धरून तिचे माप घ्यायची कल्पना फार जुनी आहे. इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका जहाजात ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला लाकडी कॅलिपर सापडला आहे. चीनमध्ये इ.स. ९ या वर्षाची नोंद कोरलेला, सरकत्या जबड्याचा काशाचा कॅलिपर सापडला. पण या सगळ्यांची एक मर्यादा होती. पट्टीवरच्या दोन रेघांमधले अंतर डोळ्यांना नीट दिसेल एवढे ठेवावेच लागते. एका मिलिमीटरचे ५० भाग पट्टीवर आखले, तर ते वाचणार कोण?

ही अडचण पहिल्यांदा जाणवली ती खगोलशास्त्रज्ञांना. ग्रहताऱ्यांची उंची मोजताना अंशाचे बारीक भाग वाचता आले पाहिजेत, म्हणून पोर्तुगालचे गणिती पेद्रो नुनेश यांनी १५४२ साली एक युक्ती सुचवली. ती वापरायला अवघड होती. पण त्यांच्या नावावरून पडलेला 'नोनिउस' हा शब्द जर्मनसारख्या भाषांत आजही या पट्टीसाठी वापरतात. पुढे फ्रांश-कोंते प्रांतातल्या ऑर्नां गावचे गणिती पिएर व्हर्निए यांनी १६३१ साली ब्रसेल्समध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सोपा उपाय मांडला. मुख्य पट्टीला चिकटून सरकणारी एक छोटी पट्टी ठेवायची आणि तिच्यावरचे भाग मुद्दाम किंचित लहान आखायचे. एवढेच! आपण ज्याला 'व्हर्निअर' म्हणतो, तो शब्द यांच्याच नावावरून आला.

कारखान्यांत आज सर्रास दिसणाऱ्या कॅलिपरवर मुख्य पट्टीच्या ४९ मिलिमीटर लांबीत सरकत्या पट्टीचे ५० भाग बसवलेले असतात. त्यामुळे तिचा प्रत्येक भाग ०.९८ मिलिमीटरचा होतो. मुख्य पट्टीचा भाग १ मिलिमीटरचा. दोहोंमधला फरक ०.०२ मिलिमीटर. यालाच त्या उपकरणाचे लघुतम माप म्हणतात. यातली खुबी अशी, की एवढे बारीक अंतर डोळ्याला पाहावेच लागत नाही. दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत, एवढेच त्याने ठरवायचे. आणि हे काम मानवी डोळा आश्चर्य वाटावे इतक्या बारकाईने करतो.

व्हर्निए यांची ही युक्ती कारखान्यातल्या साध्या कामगारापर्यंत पोहोचायला मात्र दोनशेवर वर्षे लागली. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात घड्याळे बनवणारे जोसेफ ब्राउन यांनी आधी पट्टीवर रेघा आखणारे यंत्र तयार केले आणि १८५१ साली इंचाचा हजारावा भाग वाचता येईल असा व्हर्निअर कॅलिपर बाजारात आणला. तोपर्यंत असली उपकरणे प्रयोगशाळेच्या कपाटात असत. ती आता तेलाने माखलेल्या हातांत आली. त्यामुळे एका ठिकाणी बनलेला नट दुसऱ्या ठिकाणी बनलेल्या बोल्टला न घासता, न ठोकता बसवणे सोपे होत गेले.

वाचायचे कसे?

रीत सोपी आहे. कॅलिपरचे जबडे आणि जॉब, दोन्ही आधी स्वच्छ पुसून घ्यायचे. जबडे पूर्ण मिटून दोन्ही पट्ट्यांची शून्ये जुळतात का ते पाहायचे. मग जॉब जबड्यांत हलकेच धरायचा. सरकत्या पट्टीचे शून्य मुख्य पट्टीवरची कोणती रेघ ओलांडून गेले आहे, ते आधी वाचायचे. समजा, ते २४ च्या पुढे आहे. मग सरकत्या पट्टीची कोणती रेघ वरच्या कोणत्याही रेघेशी अगदी सरळ जुळते, ते शोधायचे. समजा, ३७ वी जुळली. ३७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.७४. एकूण माप २४.७४ मिलिमीटर.

जबडे मिटल्यावर शून्ये जुळत नसतील, तर त्या फरकाला शून्य त्रुटी म्हणतात. सरकते शून्य उजवीकडे असेल, तर तेवढा फरक आलेल्या मापातून वजा करायचा. डावीकडे असेल, तर मिळवायचा. कॅलिपर एकदा जरी हातातून पडला, तरी ही तपासणी पुन्हा करायला हवी. ती झटकन होते. न केल्यास दिवसभराचे काम वाया जाऊ शकते.

चुका कुठे होतात?

पहिली चूक जोर लावण्याची. 'नीट बसावे' म्हणून नवखा मुलगा सरकता जबडा अंगठ्याने दाबतो. कॅलिपरची पट्टी एका बाजूला आणि वस्तू दुसऱ्या बाजूला, जबड्यांच्या टोकाशी, अशी रचना असल्यामुळे जास्त जोराने जबडा किंचित तिरपा होतो आणि माप प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. ज्या रेषेत वस्तू आहे त्याच रेषेत पट्टी असावी, हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८९० साली मांडले. कॅलिपर ते पाळत नाही. म्हणून बाहेरचे माप घेताना वस्तू शक्य तितकी जबड्यांच्या मुळाशी, पट्टीच्या जवळ धरावी. टोके लवकर झिजतात, हेही त्याचे एक कारण आहे.

दुसरी चूक डोळ्याची. पट्टीकडे तिरके पाहिले, की जुळलेली रेघ शेजारची वाटते. डोळा पट्टीच्या बरोबर समोर हवा आणि उजेड चांगला हवा.

तिसरी चूक एकाच ठिकाणी माप घेऊन मोकळे होण्याची. शाफ्ट गोल दिसतो; तो खरोखर गोल असेलच असे नाही. म्हणून एक माप घेतल्यावर जॉब पाव फेरा फिरवून दुसरे घ्यावे आणि दोन्ही टोकांनाही मोजावे. मापांत फरक आला, तर शाफ्ट लंबगोल किंवा निमुळता आहे हे लगेच कळते. भोकाचे माप घेताना आतले जबडे थोडे हलवून सर्वांत मोठा आकडा धरावा, कारण व्यास हीच सर्वांत लांब रेषा असते. बाहेरून किंवा दोन समांतर भिंतींमधले माप घेताना मात्र सर्वांत लहान आकडा खरा. अगदी लहान भोकात जबड्यांच्या स्वतःच्या जाडीमुळे माप थोडे कमीच येते; तिथे कॅलिपरवर विसंबू नये.

चौथी चूक घाईची. फिरत्या जॉबवर कॅलिपर लावण्याची सवय काहींना असते. त्यात जबडे घासले जातात हे तर खरेच, पण बोटे जाण्याचीही भीती असते. मशीन थांबवल्याशिवाय माप घ्यायचे नाही, हा नियम जुन्या उस्तादांनी कान पिळून शिकवला तो उगीच नाही.

पाचवी चूक उष्णतेची. नुकताच कातलेला जॉब हाताला चटका देतो आणि तो थंड असताना होता त्यापेक्षा मोठाही असतो. पोलादाची एक मीटर लांबी दर अंश सेल्सिअसला साधारण साडेअकरा मायक्रॉनने वाढते. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट ६० अंशांना मोजला, तर तो २० अंशांच्या मानाने ०.०२३ मिलिमीटर जाड भरेल. त्या मापावर भरवसा ठेवून शेवटचा कट घेतला, तर थंड झाल्यावर तो लहान झालेला दिसेल. ॲल्युमिनिअम तर पोलादाच्या दुप्पट पसरते. विदर्भातल्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या शेडमध्ये पोलादी जॉब आणि पोलादी कॅलिपर दोन्ही सारखेच तापलेले असतील, तर त्यांची वाढ जवळजवळ जुळून जाते. ॲल्युमिनिअमचा जॉब असेल, तर १०० मिलिमीटरमागे सुमारे ०.०२३ मिलिमीटरचा घोळ राहतोच. म्हणूनच जगभर मापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस ठरवले आहे आणि तपासणीच्या खोल्या वातानुकूलित असतात. ती चैन नसते.

कुणाला काय झेपते?

आता वरच्या बेअरिंगच्या शाफ्टकडे पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येईल. तिथली सूट १३ मायक्रॉनची आणि व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप २० मायक्रॉनचे. म्हणजे शाफ्ट योग्य आहे की नाही, हे कॅलिपर सांगूच शकत नाही! तिथे मायक्रोमीटरच हवा. पॅरिसच्या पाल्मेर यांनी १८४८ साली पेटंट घेतलेल्या या उपकरणात मापाचे काम स्क्रू करतो. वस्तू आणि माप एकाच रेषेत असतात आणि ठरावीक जोरापुढे करकर करत फिरणारी रॅचेट असल्याने जास्त दाबण्याची चूकही टळते. उपकरण हे मोजायच्या सुटीच्या दहापट बारीक असावे, असा एक जुना ठोकताळा आहे. तो प्रत्येक वेळी जमतोच असे नाही, पण निदान मनात असावा.

डिजिटल कॅलिपर आल्यापासून एक नवा गैरसमज पसरला आहे. पडद्यावर ०.०१ मिलिमीटरपर्यंतचा आकडा दिसतो, म्हणून तो तेवढाच अचूक, असे पुष्कळांना वाटते. १५० मिलिमीटर लांबीच्या चांगल्या डिजिटल कॅलिपरची अचूकताही साधारण ०.०२ मिलिमीटरच्याच आसपास असते. आकडा दिसणे वेगळे आणि तो खरा असणे वेगळे. रेघा जुळवण्याचा त्रास वाचतो, वाचनातल्या चुका कमी होतात, हा फायदा मोठाच आहे. पण जोर, धूळ आणि उष्णता यांना बॅटरीचे भय नाही.

मापाचे माप कोण घेणार?

कॅलिपर बरोबर आहे, हे कशावरून? याचे उत्तर स्वीडनमधल्या एस्किल्स्तुना येथील बंदुकीच्या कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी दिले. त्यांनी १८९६ साली अशी कल्पना काढली, की ठरावीक मापांचे पोलादी ठोकळे बनवायचे आणि ते एकमेकांना जोडून हवे ते माप तयार करायचे. १०२ ठोकळ्यांच्या एका संचातून १ ते २०१ मिलिमीटरपर्यंत ०.०१ मिलिमीटरच्या अंतराने सुमारे २०,००० मापे जुळवता येत. ठोकळे इतके सपाट, की एकावर एक घासून सरकवले की चिकटून बसत. सुरुवातीला ते घासून काढायला योहान्सन यांनी बायकोचे शिलाई मशीन बदलून वापरले होते. संसारातल्या एका यंत्राने जगभरच्या कारखान्यांना शिस्त लावली, असे म्हणायला हरकत नाही.

आजही कारखान्यातला कॅलिपर अशाच स्लिप गेजवर तपासला जातो. ते स्लिप गेज मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जातात आणि त्या प्रयोगशाळेची मापे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या प्रमाणांशी जोडलेली असतात. तिथला मीटर १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावरून ठरवला जातो: प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तो एक मीटर. भोसरीतल्या एखाद्या शेडमधल्या टर्नरच्या हातातले उपकरण अशा साखळीने थेट प्रकाशाशी बांधलेले असते. साखळीतली एक कडी तुटली, म्हणजे वर्षानुवर्षे कॅलिब्रेशनच केले नाही, तर बाकीच्या कड्यांचा काही उपयोग नाही.

आपल्याकडे दशमान मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून लागू होऊ लागली; तरी इंच आणि सूत अजून गेले नाहीत. नळाचा पाइप अर्ध्या इंचीच मागितला जातो आणि सुतार सुतातच बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. १९५९ साली इंग्रजी भाषिक देशांनी एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे ठरवल्यामुळे हिशेब तरी सोपा झाला. जुन्या मशीनचा भाग बदलताना तो इंचातला की मिलिमीटरमधला, हे आधी पाहून घेण्यातच शहाणपणा आहे.

आकाशातली एक चूक

मापाची चूक फक्त लहान कारखान्यांतच होते, असे मात्र नाही. २४ एप्रिल १९९० रोजी हबल ही दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा अतिशय गुळगुळीत घासलेला होता. तरीही तिने पाठवलेली चित्रे धूसर निघाली. चौकशीत कळले, की आरशाची कड ठरल्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने अधिक सपाट घासली गेली होती. आरसा तपासणाऱ्या उपकरणातले एक भिंगच १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. मापाच्या दांडीच्या टोकावरच्या टोपीचा रंग एका ठिकाणी उडाला होता. दांडीऐवजी त्या टोपीवरून प्रकाश परत आला आणि सगळा हिशेब फसला. भिंग ठरल्या जागी बसेना, तेव्हा 'असे का होते?' हे विचारण्याऐवजी वॉशर घालून ते बसवण्यात आले.

याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी केलेल्या तपासणीत आरशात खोट असल्याचे दिसले होते. पण मुख्य उपकरण अधिक भारी, अधिक अचूक; मग चूक साध्याचीच असणार, असे समजून ते निकाल बाजूला ठेवले गेले. आरसा अगदी काटेकोरपणे घासला गेला, पण चुकीच्या मापाला! डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी अवकाशात जाऊन दुर्बिणीला जणू चष्मा लावला, तेव्हा कुठे तिला स्वच्छ दिसू लागले.

हबलच्या तज्ज्ञांना जो मोह पडला, तो लेथवरच्या मुलालाही रोज पडतो. ड्रॉइंगवर २५.०० लिहिलेले असते, कॅलिपर २४.९४ दाखवतो, आणि मन म्हणते, 'जरा सैल धरून पाहा, येईल.' तसे धरले तर हवा तो आकडा येतोही. तपासणीच्या तक्त्यात तो लिहिलाही जातो. पण शाफ्ट मात्र २४.९४ चाच राहतो आणि कधीतरी, कुठेतरी, कुणाच्या तरी पंपात किंवा गाडीत ते बाहेर पडते.

घरातला मुलगा किंवा मुलगी आयटीआयला जात असेल, तर त्यांच्यासाठी एक चांगला कॅलिपर घेऊन द्यावा. तो पेटीत, तेलाचा पुसट हात फिरवून, जबडे किंचित उघडे ठेवून जपायला सांगावे. हातोडीच्या आणि फाइलच्या ढिगात तो टाकू नये. त्याने खुणा ओढू नयेत. पाना म्हणून वापरू नये. शिकणाऱ्याने एकच माप तीनदा घ्यावे आणि तिन्ही आकडे वहीत जसेच्या तसे लिहावेत. तिन्ही सारखे येईपर्यंत हात तयार झाला असे समजू नये. आणि मापात चूक निघाली, तर ती लगेच सुपरवायझरला सांगावी. एक तुकडा भंगारात गेला म्हणून ओरडा बसेल, पण पुढचे १९९ तुकडे वाचतील. चूक सांगणाऱ्याला न रागावणारा मालकही तितकाच गरजेचा आहे. नाहीतर कामगार माप घ्यायला नव्हे, लपवायला शिकतो.